जालिंदर वायरमनचं लाल बटण

मंडळी, नीट बसून घ्या. पखवाजवाले, हात जरा मांडीवर राहू द्या. आज आख्यानाला राजा नाही, राणी नाही, वनवास नाही. आज आख्यानाला एक पाय आहे. डावा.

तो कुणाचा, ते सांगतो. आधी प्रश्न घ्या — माणूस चुकला, तर त्यानं सांगावं कुणाला? देवाला, म्हणाल. सोपं आहे ते. देव उलटून विचारत नाही. मी विचारतोय माणसांतलं. या मांडवात असा एक तरी आहे का, ज्याच्यापाशी जाऊन तुम्ही म्हणाल — ‘चुकलो’ — आणि तो दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते सांगणार नाही? बघा आजूबाजूला. शोधा. मी थांबतो.

नाही ना? चला पुढं.

जालिंदर तोडकर. आपल्या गावचा वायरमन, वय एकोणचाळीस. गेल्या माघात या माणसाच्या पदरात काय पडायचं होतं, ते आधी मांडू. डाव्या पायाचा अंगठा निळा पडायचा. शंभर पावलं चालला की पोटरी आवळून यायची. तालुक्याला डॉक्टरांनी सांगितलं, “बिडीनं पायाच्या नसा बंद होत चालल्यात. बिडी सोडलीस तर पाय राहील. नाही सोडलीस तर जाईल. मधलं काही नाही.” म्हणजे मिळकत केवढी? जो पाय जन्मताना फुकट आला, तोच टिकायचा. फार मोठी नाही म्हणाल. पण वायरमन पायावरच खांब चढतो, मंडळी. तुमच्या घरातला पंखा त्याच्या पावलांवर फिरतो.

दवाखान्यात व्यसन सोडवणाऱ्या ढोबळे मॅडम होत्या. गोळ्या देणाऱ्या नव्हे, बोलणाऱ्या. त्यांनी त्याच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. रोज संध्याकाळी आठ वाजता ते विचारायचं — आज ओढली? खाली दोन बटणं. हिरवं म्हणजे नाही, लाल म्हणजे हो. हिरवं दाबलं की दिवसांचा आकडा एकानं वाढणार. लाल दाबलं की शून्य, आणि मॅडमला कळणार.

जालिंदर म्हणाला, “मॅडम, म्हणजे लाल दाबलं की शिव्या?”

“उलट आहे,” मॅडम म्हणाल्या. “हिरव्या दिवशी मला काहीच काम नसतं. लाल दिवस घेऊन या. त्यावरच आपण बोलायचं. कुठं होता, कोण होतं, ओढायच्या आधी डोक्यात काय चाललं होतं.”

आता बघा, ते कोपऱ्यातले तिघं. दर अभंगाला उठून बाहेर जातात आणि खोकत परत येतात. इतकी भाविक लघवी मी जन्मात पाहिली नाही. बसा, बसा. तुमच्यासाठीच चाललंय हे.

तर, पहिल्या पंधरा दिवसांत जालिंदरनं चार वेळा लाल दाबलं. दर गुरुवारी मॅडमपुढं बसायचा. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, “चारही वेळा खांबावरून उतरल्यावरच का हो?” हा म्हणाला, “हात थरथरतात.” कधीपासून? तर सहा वर्षांपासून. जोडीदार विठोबा शेवाळे खांबावर विजेला चिकटून गेला, आणि यानं ते खाली उभं राहून पाहिलं, तेव्हापासून. सहा वर्षं हा माणूस आपल्यासाठी चढत होता, उतरून थरथरत होता, आणि बिडी पेटवली की हात थांबत होते. गावाला काय दिसत होतं? बिडी. बायकोला, शालनवहिनींना, काय दिसत होतं? बिडीचा वास. थरथर दिसली एकाच बाईला, आणि तीही लाल बटणामुळं.

मॅडमनी त्याला शिकवलं — उतरल्यावर खांबाला पाठ टेकून बसायचं, हात थरथरू द्यायचे, फोनमधलं पाच मिनिटांचं घड्याळ लावायचं. लाट येते, लाट जाते. आणि लागू पडलं हो. आकडा वाढत गेला. दहा. वीस. चाळीस.

चाळिसाव्या दिवशी तो टपरीवर फोन काढून म्हणाला, “बघा रे.”

तिथं घात झाला.

कुणी केला? व्यसनानं नाही. आपण केला. आपल्या गावाला कुणाचं चांगलं झालेलं दिसलं की राहवत नाही, शाल घालावीशी वाटते. याच मांडवात, गेल्या चैत्रात, एक्केचाळिसाव्या दिवशी. सरपंच आण्णांनी शाल घातली, नारळ दिला. आणि तोंड कुणी चालवलं? मी. याच जागी उभा राहून म्हणालो — “याला म्हणतात निग्रह. हा आता पुन्हा बिडीला शिवायचा नाही.” मला विचारलं होतं का कुणी? पण टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की महाराजही जरा वाहवतो.

वर पोरांनी फ्लेक्स लावला. ‘व्यसनमुक्त जालिंदर’, हार घातलेला फोटो. कुठं लावला? विजेच्या खांबावर. खांबावर फ्लेक्स लावू नका, असं वर्षभर ओरडणारा हाच. आता स्वतःचा कसा काढणार?

बारा दिवसांनी वारं सुटलं, तार तुटली. नेमकी त्याच खांबावरची. अंधारायला लागलेलं, खालून तुमच्या हाका — वायरमन, किती वेळ? तो चढला, तार जोडली, उतरला. हात थरथरायला लागले. खांबाला पाठ टेकून बसायचं, तर पाठीमागं स्वतःचाच हसरा फोटो, आणि समोर आठ-दहा माणसं. व्यसनमुक्त माणसानं कसं थरथरावं? तो उठला, ट्रान्सफॉर्मरच्या मागं गेला आणि एक बिडी ओढली.

आठ वाजता फोननं विचारलं — आज ओढली?

एक बोट लांब होतं लाल बटण. आधी चार वेळा दाबलेलं. पण तेव्हा तो नुसता जालिंदर होता. त्यानं हिरवं दाबलं. त्रेपन्न.

गुरुवारी मॅडमनी फोन पाहिला. सगळं हिरवं. त्यांच्याकडं बाहेर बाकावर वीस जण बसलेले. म्हणाल्या, “छान चाललंय. आता महिन्यानं आलात तरी चालेल.” अहो, वैद्यापुढं बरा झालेला माणूस बसवला, तर वैद्य करणार काय? एका बिडीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. आणि आकडा चढतोच आहे — सत्तर, नव्वद, शंभर.

शालनवहिनींना कळलं नसेल? शर्ट त्याच धुतात. एकदा त्या म्हणाल्या, “अहो, खिशाला वास येतोय.”

“टपरीवर बसतो, लागत असेल.”

त्यांनी पुढं विचारलं नाही. का? बचत गटाच्या बायकांनी त्यांना खुर्चीवर बसवून विचारलं होतं — ताई, तुम्ही हे कसं घडवून आणलं? त्या खुर्चीवरून उतरायचं कसं, सांगा.

भाद्रपदात अंगठा काळा पडला. मोठ्या शहरात नेलं. सर्जन म्हणाले, “मांडीतली नस काढून पोटरीत बसवता येईल. पण बिडी चालू असेल तर ती बंद पडणार, मग मी हात लावणार नाही. बंद आहे ना?”

मंडळी, हीच ती वेळ. शालनवहिनी नवऱ्याकडं बघतायत. नवरा जमिनीकडं. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांपुढं धरला. एकशे नव्वद. हिरवेगार.

नस बसवली. नवव्या दिवशी टाके दुखायला लागले, हात थरथरायला लागले. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागं, भिंतीला धरून धरून गेला आणि बिडी पेटवली. पाच दिवसांत नस बंद पडली. अंगठ्यावरचं काळं घोट्यापर्यंत आलं. पाय गुडघ्याखाली कापला.

ढोबळे मॅडम वॉर्डात भेटायला आल्या. रजा काढून, स्वतःच्या पैशानं. जालिंदरनं विचारलं, “मॅडम, त्या वाऱ्याच्या दिवशी मी लाल दाबलं असतं, तर काय झालं असतं?”

“दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला फोन केला असता,” मॅडम म्हणाल्या.

“बस? एवढंच?”

“एवढंच. विचारलं असतं, कुठं होता, कोण होतं.”

तो म्हणाला, “सगळं गाव होतं.”

आठ वाजले. उशाशी फोन वाजला — आज ओढली? मंडळी, त्या दिवशी त्यानं ओढली नव्हती. पण त्यानं शालनवहिनींकडं पाहिलं आणि लाल दाबलं. आकडा शून्य झाला. वहिनी रडल्या, म्हणाल्या, “मला वास येत होता हो.” तो म्हणाला, “मला माहीत होतं.”

आता कुणी म्हणेल, महाराज, भर मांडवात एखाद्याचं नाव घेऊन सांगावं का? मी गेलो होतो त्याच्याकडं. म्हटलं, नाव बदलून सांगतो. तो म्हणाला, “तेव्हा नाव घेऊनच सांगितलं होतं ना? मग आताही नावच घ्या.” तो बघा, मागं, खांबाशेजारी. कुबडी बाजूला ठेवलीय. माना वळवू नका एकदम. तुमची ती खोड आहे. आणि टाळ्याही नकोत.

त्याच्या फोनवर आज आकडा सव्वीस आहे. त्याआधी शून्य होता, त्याआधी अकरा, त्याआधी पुन्हा शून्य. हे सव्वीस खरे आहेत. उद्या ते शून्य झाले, तर तो तुमच्यातल्या कुणाच्या दारात येऊन ‘चुकलो’ म्हणेल? मघाशी शोधा म्हटलं तेव्हा असा एकही सापडला नव्हता. घरी जाताना तेवढं घेऊन जा.

आणि आण्णा, त्या शालीची परत घडी घाला. आज मला नको. गेल्या चैत्रात आपण सगळ्यांनीच काही ना काही दिलं होतं. तुम्ही शाल दिलीत. पोरांनी फ्लेक्स दिला. मी शब्द दिले, तुम्ही टाळ्या दिल्या. पाय जालिंदरनं दिला.