कडी

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. देवासच्या बस स्टँडवर इंदूरच्या बसची वाट पाहणाऱ्या अक्कांच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं पडलं. एक तरुण आई आपल्या जावेला सांगत होती.

“मनू किंचाळली की मारायचं नाही, डॉक्टरसाहेबांनी साफ सांगितलं. त्याआधी काय घडलं, ते रोज लिहायचं.”

“मग काय निघालं?”

“कुकरची शिट्टी! तिच्या कानांना सोसतच नाही. आता मी तिला आधीच अंगणात नेते. पुष्कळ शांत झालीय.”

अक्कांना राहवलं नाही.

“पोरी, माझा भास्कर लहानपणी गिरणीचा भोंगा झाला की भिंतीवर डोकं आपटायचा. आम्ही त्याला खोलीत कोंडायचो.”

“तेव्हा कोण सांगणार होतं, आजी? आता कसे आहेत ते?”

“तिशी उलटली. भोंग्याची वेळ झाली की स्वतःच खोलीत जातो. मला म्हणतो, आई, कडी लाव.”