यादीतलं बत्तिसावं नाव

अस्सलामु अलैकुम. या सभेचे अध्यक्ष आणि आपले बंदर-अधिकारी बापाक फरमान, व्यासपीठावर विराजमान झालेले गावप्रमुख, बोटींचे मालक, तांडेल मंडळी, ज्यांच्या पाठीवर हा धक्का उभा आहे ते हमालबंधू, आजचे सत्कारमूर्ती बापाक ला सहारू, आणि पंखा दुसऱ्या बाजूला फिरतोय म्हणून रुमालाने वारा घेणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती इबू मारियाती, आपणा सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मागे कसाव्याच्या किसाची कासुआमी वाफवून तयार आहे आणि भाजलेल्या माशाचा वास इथवर येतोय, तेव्हा मी लांबण लावणार नाही असं म्हणते. पण म्हटलेलं पाळीनच असं काही नाही.

बापाक सहारूंनी हा सत्कार तीनदा नाकारला. "मी केलं काय? सत्तावीस वर्षं टेबलाशी बसून उतारूंची नावं विचारली. त्याला कोण शाल घालतं?" असं त्यांचं म्हणणं. मंडळी, त्याचंच उत्तर द्यायला मी उभी राहिले आहे.

आपल्याकडे नाव विचारणं सोपं आहे का, तुम्हीच सांगा. मोठ्या पुरुषाला बापाक म्हणा, बाईला इबू म्हणा, आख्खा जन्म निघून जातो. वडीलधाऱ्याला नाव विचारणं म्हणजे आगाऊपणा. माझ्या शेजारच्या इबूंकडून मी चौदा वर्षं मीठ उसनं आणलं, त्यांचं नाव मला मतदान केंद्रावर कळलं. मग बोटीच्या यादीत काय लिहायचे? "हाजी आणि सोबत चार." "बाई, एक." झाली यादी.

अकरा वर्षांपूर्वी सुक्या मासळीच्या दोन टोपल्या घेऊन मी याच धक्क्यावर रांगेत उभी होते. माझा नंबर आला. बापाक सहारू खुर्चीतून उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं, उजवा हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "माफ करा इबू, मी ला सहारू, इथली यादी लिहितो. आपलं नाव कळेल का?"

मी म्हटलं, "फित्रीची आई."

"ते फित्रीचं झालं. आपलं?"

खरं सांगते, मी टोपल्यांकडेच बघत राहिले. लग्न झाल्यापासून मला कुणी हे विचारलंच नव्हतं. मागून एक व्यापारी ओरडला, "सहारू, बोट सोडतोस की लग्न जमवतोस?" सगळे खिदळले. बापाक हसले नाहीत, चिडलेही नाहीत. पेन धरून तसेच वाट बघत राहिले. शेवटी मी हळूच सांगितलं, "वा नुरलिया." त्यांनी ते सावकाश लिहिलं आणि कागद फिरवून माझ्यापुढे धरला. "बरोबर लिहिलंय ना, बघा."

त्या दिवशी त्यांनी एकतीस नावं लिहिली. पण इथल्या तांडेलांना मी काय नवीन सांगणार? बोट खाडीतून बाहेर पडली की पासितोरा गावासमोर होडीतून कुणीतरी हात हलवतं, बोट मंद होते आणि तो माणूस वर चढतो. तसेच एक म्हातारे वर आले. माझ्याशेजारी टोपलीवर टेकले आणि बसल्या बसल्या डुलक्या काढू लागले. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

दुपारी बोटीची फळी निखळली आणि बोट बुडाली. ते सगळं मी सांगत बसत नाही. त्या बोटीवरची दोघं-तिघं इथे बसली आहेत, त्यांचं जेवण कशाला बिघडवू? एवढंच सांगते, की एका पिवळ्या रिकाम्या कॅनची मूठ माझ्या हातात होती आणि तीच मूठ त्या म्हाताऱ्यांच्याही हातात होती. नाकातोंडात पाणी जात होतं. मी नुसती "बापाक, धरून ठेवा, बापाक" म्हणत होते. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. आणि माझ्या मनात आलं, हे सुटले तर मी कुणाच्या दारी जाऊन काय सांगू? एक म्हातारा होता म्हणून?

मंडळी, त्या दिवसापर्यंत मी माझ्याहून मोठ्या माणसाला कधी नाव विचारलं नव्हतं. कसं विचारतात तेच मला ठाऊक नव्हतं. फक्त सकाळी एकाने मला कसं विचारलं होतं, तेवढं आठवत होतं. मी मोकळा हात छातीवर नेला, त्या नादात घोटभर खारं पाणी प्यायले, आणि म्हटलं, "माफ करा बापाक, मी वा नुरलिया. आपलं नाव कळेल का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. त्या पाण्यात, त्या लाटांत हसले. "आत्ता विचारतेस पोरी? ला ताम्बेरा. पासितोराचा. मशिदीमागचं घर." पुढची मोठी लाट आली आणि कॅन माझ्याकडे राहिला, ते गेले.

मला मासेमारांनी उचललं. धक्क्यावर बचावपथकाचे साहेब यादी घेऊन उभे होते. एकतीस नावं, एकतीस खुणा. सगळे सापडले, लोकांचा जीव भांड्यात पडला, बोटी दोरीने बांधायला लागले. मी म्हटलं, अजून एक आहेत. साहेब म्हणाले, "बाई घाबरली आहे, हिला गोड चहा द्या. यादीत कुणी राहिलेलं नाही." मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, मशिदीमागचं घर सांगितलं. ते मान हलवत राहिले.

बापाक सहारू गर्दीतून पुढे आले. त्यांनी पासितोराला फोन लावला. तिकडून कुणीतरी धावत मशिदीमागे गेलं. ला ताम्बेरांची बायको म्हणाली, "हो, बोट गाठायला होडी घेऊन गेलेत. का?" फोन ठेवून बापाकांनी पेन काढलं, एकतिसाच्या खाली बत्तीस लिहिलं, पुढे ला ताम्बेरा, आणि कागद साहेबांपुढे धरला. "साहेब, एक यायचेत अजून." साहेबांनी कागद घेईपर्यंत त्यांनी हात खाली केला नाही. मी पाहिलंय.

बोटी परत सुटल्या. मावळतीच्या आधी ला ताम्बेरा मिळाले, मासेमारीच्या एका बांबूच्या मचाणाचा खांब कवटाळून बसलेले. जिवंत.

बापाक, तुम्ही म्हणाल, यात मी काय केलं, विचारलं तुम्ही. अहो, पण मला विचारायला शिकवलं कोणी? मी आजवर तुम्हाला हे तोंडावर कधी बोलले नाही, कारण बोलायला लागले की मला रडू येतं. आज येऊ दे. तुम्ही मला माझं नाव विचारलंत, म्हणून एक माणूस घरी गेला.

ला ताम्बेरा त्यानंतर सहा वर्षं जगले. मी सणाला त्यांच्याकडे जायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, "या बाईने मला समुद्रात नाव विचारलं, आणि इतक्या अदबीने, की उत्तर न देता मरणं बरं दिसलं नसतं." दुपारच्या नमाजानंतर, स्वतःच्या अंथरुणात, बायकोच्या हातचं पाणी पिऊन ते गेले. आमच्या बेटांवर किती घरांत अशी माणसं आहेत, ज्यांना समुद्राने नेलं आणि ज्यांची कबर कुठेच नाही. ला ताम्बेरांची आहे. चाफ्याखाली, दगडावर नाव कोरलेली. गेल्या महिन्यात मी आणि त्यांच्या बायकोने तिथलं गवत काढलं.

आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि मागे चुलीपाशी घाम गाळणाऱ्या बायाबापड्यांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला मान द्यायला मी चुकले असेन, तर धाकटी बहीण समजून पोटात घाला. आणि चूक सांगायला मला गाठलंत, तर आधी आपलं नाव सांगा, मी नक्की लक्षात ठेवीन.