चौघांतलं शांत पिल्लू

जनावरांच्या दवाखान्यात लंगडं कुत्रं घेऊन बसलेल्या आजीचा नंबर आता लागणारच होता, पण तिचे कान केव्हाच शेजारच्या बाकावर जाऊन बसले होते. तिथे सासू, सून आणि दोघींच्या मधे टोपलीत मांजराचं पिल्लू.

“सुई टोचून झाली की हे परत देऊन येऊ. तुमची कटकट नको.”

“मी कटकट केली? पडदा फाडला, दुधात पाय घातला, एवढंच तर म्हटलं.”

“आणल्यापासून तेवढंच म्हणताय. तुमच्यासाठीच चौघांतलं शांत निवडलं होतं.”

“शांत कसलं! पोट भरून झोपलं होतं मेलं. झोपलेल्याची पारख करतं का कुणी?”

“मग आता जागं बघून दुसरं आणू.”

“काही नको. तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा कशी खाली मान घालून बसली होतीस! मला वाटलं, गरीब गाय. महिन्याभरात शिंगं दिसली. बदलून आणली का तुला?”

“आणायची होती ना पण?”

“होती. तोवर सवय झाली.”

टोपलीतून एक पंजा निघाला आणि सासूच्या शालीत रुतला.

“बघा, आता शाल गेली.”

“जाऊ दे. तुझ्या नवऱ्याने आणलेली, तशीही टिकणार नव्हती.”

सुनेला हसू आवरेना. “लंगडं कुत्रं!” अशी आतून हाक आली. आजी जागची हलली नाही.

“जाताना पडद्याचं कापड घ्यावं लागेल.”

“जाडं घे. आणि ह्याच्याच रंगाचं, म्हणजे केस दिसायचे नाहीत.”