चढावर दम लागतो

बाबा – बॅटरी धर नीट. म्हणजे टॉर्च गं, टॉर्च.

वृंदा – बॅटरी म्हणजे काय ते कळतं मला, बाबा. एवढी दिल्लीवाली नाही झाले.

बाबा – मग उजेड इकडे पाड. हा बघ एअर फिल्टर.

वृंदा – ई! हा पांढरा होता?

बाबा – होता. आता अख्खं गाझियाबाद आहे त्याच्यात.

वृंदा – म्हणून गाडी ओढत नव्हती?

बाबा – मग! इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जेवढी हवा आत जाईल तेवढंच पेट्रोल जळणार. तू पाय दाबतेस ना, त्यानं आधी हवेचं दार उघडतं. पेट्रोल मागून येतं.

वृंदा – अच्छा? मग मोठाच पाइप लावून टाकू. समोरच्या आर्यनने लावलाय तसा. काय घूंघूं करत जातो!

बाबा – आवाज वाढला त्याचा, दुसरं काही नाही. हवेची सगळी वाट मोकळी हवी, आत यायची आणि बाहेर जायचीही. त्यात तो बॉनेटखालची गरम हवा ओढतोय. गरम हवा विरळ असते.

वृंदा – म्हणून थंडीत गाडी बरी पळते?

बाबा – शाबास. मी रिटायर झालो नसतो तर मानेसरला इंजिन टेस्टिंगला घेतली असती तुला.

वृंदा – आणि रोज कंपनीच्या बसमध्ये तुमचं लेक्चर? नको यार, बाबा.

बाबा – बापाला यार म्हणते. ऐक, एकदा आमचा कंपनीतला सुयश टेस्टिंगच्या इंजिनात, हवेच्या पाइपात फडकं विसरला. इंजिन उभ्या उभ्या छान चालायचं, कुणाला शंका येणार नाही. भार टाकला की ढेपाळायचं. आम्ही दिवसभर प्लग बदलतोय, वायरी तपासतोय.

वृंदा – आणि सुयश?

बाबा – तो सगळ्यांना विचारत फिरतोय, माझं फडकं कुणी घेतलं म्हणून.

वृंदा – सरका, नवा मी बसवते. हं. लागली क्लिप.

बाबा – वृंदा, चढावर दम लागतो हल्ली.

वृंदा – अहो, आत्ताच तर फिल्टर बदलला!

बाबा – ...हो. बदलला खरा.

वृंदा – उद्या सर्व्हिसला टाकते. अजून काही असेल तर बघतील ते.

बाबा – टाक. चल वर, पोहे गार झाले तर आई बोलेल.

(महिन्याभरानंतर. दिल्लीकडे जाणाऱ्या फ्लायओव्हरवर तीच गाडी, पुढे-मागे रांग. वृंदा चालवते आहे, शेजारी आई.)

आई – चांगली चढली गं गाडी. मध्यंतरी किती कुरकुरायची.

वृंदा – बाबांनी फिल्टर बदलला ना. आदल्या दिवशी.

आई – गिरिजामावशीला कळवलंस, निघालोय म्हणून?

वृंदा – कळवलं. ती म्हणाली, लक्ष्मीबाई नगरला पोचेपर्यंत जेवायची वेळ होईल, जेवूनच जा.

आई – जेवायचं म्हणजे पुन्हा सगळं सांगत बसायचं. ...वृंदा, एक विचारायचं राहून जातंय. त्या दिवशी खाली पार्किंगमध्ये ते तुला काही म्हणाले का? तब्येतीचं?

वृंदा – नाही. का?

आई – खाली जाताना मला म्हणाले होते, आज वृंदाला सांगतो, ती नेईल डॉक्टरकडे. थोडा जिना चढला की छाती भरून यायची. बसून असले की काही नाही. मग तुम्ही वर आलात, पोहे खाल्लेत, तू काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी नेमकी लिफ्ट बंद, आणि ते जिन्यातच कोसळले. राग येतो गं मला त्यांचा. अजून येतो. पोटच्या मुलीला एवढंही सांगवलं नाही?

वृंदा – आई.

आई – काय?

वृंदा – सांगितलं होतं. चढावर दम लागतो हल्ली, म्हणाले.

आई – मग?

वृंदा – मला वाटलं गाडीचं बोलतायत. बॉनेट उघडंच होतं गं. 'गाडी में दम नहीं रहा', रोजच तर म्हणतो आपण. मी गाडी सर्व्हिसला पाठवली. गाडीत काही दोष नाही, असा गॅरेजवाल्यांचा मेसेज आला. तेव्हा आपण हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो.

आई – 'मला' म्हणाले का? मला दम लागतो, असं?

वृंदा – नाही. नुसतं, दम लागतो.

आई – ह्या माणसाच्या बोलण्यात 'मला' होतं कधी? भूक लागली तरी म्हणायचे, कुकर झाला वाटतं.

वृंदा – तू रागावली नाहीस माझ्यावर?

आई – कुणाकुणावर रागावू? दमले मी. ...पण सांगितलं होतं त्यांनी. बरं झालं. सांगितलं होतं.

वृंदा – मागचा हॉर्न वाजवतोय. पुढे जागा झालीय.

आई – वाजवू दे. आणि तू गं? महिनाभर बघतेय. ऑफिसला जातेस, आल्या-गेल्याचा चहा करतेस, फोन घेतेस. विचारलं की, 'मी ठीक.' तू तरी धड सांग.

वृंदा – काय सांगू?

आई – आहे ते.

वृंदा – मला बाबा हवेत, आई.