दोन बोटे वाढीव

अनंतराव : ते वाक्य पुन्हा वाच. सावकाश.

मैत्री : "त्रेसष्ट विद्यार्थ्यांच्या गणवेशाची साइज चुकली, यास सर्वस्वी मी जबाबदार आहे."

अनंतराव : 'सर्वस्वी' खोड.

मैत्री : सर, मी फक्त शुद्धलेखन दाखवायला आणलाय हा खुलासा. मजकूर ठरलेला आहे. उद्या दहा वाजता हेडमास्तरांच्या टेबलावर द्यायचाय.

चंद्रभागा : ठरलेला म्हंजे, कोनं ठरवला? म्या कालच सांगतलं तुले, बचत गटाचं नाव लिव. शिवलं आमी, चुकलो आमी.

मैत्री : आत्या, गटाचं नाव लिहिलं तर पुढल्या साली शिलाईचं काम दुसऱ्याच गटाला जाईल. अकरा बाया आहेत तुझ्या हाताखाली.

चंद्रभागा : अन तुझं नाव लिवलं तर? मास्तरीन होऊन नऊ मयने नाई झाले. नोकरी पक्की व्हाच्या आधीच कागदावर डाग? गुर्जी, तुमीच सांगा हिले. रविवारी रविवारी तुमच्याच ओसरीवर शिकली, तुमचंच आयकते.

अनंतराव : चंद्रभागाबाई, आधी तुम्ही आत येऊन खुर्चीवर बसा. उंबऱ्यात उभे राहून भांडण होते, वाद होत नाही. बसलात? ठीक. आता माझे ऐका. माझ्यासमोर दोन कबुलीजबाब आहेत आणि दोन्ही खोटे आहेत. खोट्या विधानाचे शुद्धलेखन मी आजवर तपासलेले नाही, ऐंशीव्या वर्षी ती सवय लावून घेणार नाही. सदरे किती मोठे झाले?

मैत्री : दुसरीतल्या एका मुलीनं तपासणीच्या दिवशी उत्तर द्यायला हात वर केला. हात गेला वर, पण बाहीतून बाहेर आलाच नाही. साहेब विचारून राह्यले, कोणाला येतं उत्तर, आणि ती नुसती बाही हलवून राह्यली.

चंद्रभागा : हसू नका, गुर्जी.

अनंतराव : मी हसलो नाही. खोकलो. बरे, मैत्री, ज्या शब्दाखाली तू सही करणार आहेस, त्याचे कूळ सांग. साइज.

मैत्री : आत्ता?

अनंतराव : खुलासा द्यायचा तो नेमका कशाचा, हे कळल्यावाचून सही करणारा मनुष्य आणि अंगठा उठवणारा मनुष्य यांत मला तरी भेद दिसत नाही.

मैत्री : जुन्या फ्रेंचमधून आला. 'असीझ'. त्याचा अर्थ बैठक. लोक बसून न्याय करायचे ती बैठक, आणि त्या बैठकीत ठरलेला नियमही. इंग्लंडात अशाच एका नियमानं पावाचं वजन आणि बिअरचा भाव बांधून दिला होता. धान्य महाग झालं की पाव केवढा असावा, हे ठरलेलं असायचं. पुढे लोकांनी पहिला 'अ' सोडून दिला. आधी ठरवून दिलेलं माप म्हणजे साइज, मग कुठलंही माप म्हणजे साइज.

चंद्रभागा : भाकर केवढी, हे कचेरीत ठरे?

मैत्री : हो आत्या.

चंद्रभागा : बरं व्हतं. नाई तं जो तो आपल्या हाताएवढी थापते.

अनंतराव : फ्रेंचाच्या मागे?

मैत्री : लॅटिन. जवळ बसणे असा धातू. म्हणजे आपलं आसन...

अनंतराव : चूक. आसन 'आस्' धातूचे. लॅटिन 'सेदेरे'चा सोयरा आपला 'सद्'. सदन, संसद, परिषद. आणि जवळ बसणे म्हणशील, तर उपनिषद. ज्या घरात उपनिषद हा शब्द जन्मला, त्याच घराण्यातला हा तुझा साइज आहे. तो कपड्याच्या पट्टीवर छापलेला असतो म्हणून त्याला हलका समजू नये.

मैत्री : सुतावरच्या खळीलाही इंग्रजीत साइज म्हणतात, सर. तोही शब्द याच बैठकीतून आला, असं एका कोशात आहे.

अनंतराव : दुसऱ्या कोशात त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. तूही ते ठेव.

चंद्रभागा : खळीचं काय काढलं? खळीपाईच तर घोळ झाला.

अनंतराव : तो कसा?

चंद्रभागा : नव्या कापडात खळ असते. पयल्या पान्यात ते निंगते अन कापड आटते. म्हनून एक बोट जास्त कापाचं. माही माय बी तसंच करे.

अनंतराव : आणि हे कापड आटले?

चंद्रभागा : कुठचं आटते. पालिस्टर मिसळलेलं कापड हे, धुवा नाई तं वाळवा, हाय तेवढंच. हात मातर जुना आहे ना माहा. कैची आपलीच चालते.

अनंतराव : एक बोट. आणखी?

चंद्रभागा : अन दोन बोटं वाढीची. लेकरू वाढते ना. जूनमधे देल्लेला सदरा मार्चात तोकडा होते.

अनंतराव : बोट हे माप नव्हे, बाई. कोणाचे बोट? तुमचे, की गटातल्या सगळ्यांत धाकट्या सुनेचे?

चंद्रभागा : माहंच. कापाले मीच बसते. पाऊन इंच भरते एक बोट, टेपावर मोजून पाह्यलं.

अनंतराव : म्हणजे तीन बोटांचे सव्वादोन इंच. लिही, मैत्री. आता तू. मापे कधी घेतलीस?

मैत्री : जानेवारीत.

अनंतराव : जानेवारीत, तुझ्या भीमपुराकडच्या शाळेत. सकाळी किती वाजता?

मैत्री : प्रार्थनेनंतर लगेच.

अनंतराव : थंडी?

मैत्री : मुलं शेकोटीजवळून हलत नव्हती. स्वेटर, त्याच्या आत दुसरं स्वेटर, एकानं तर बापाचा कोट घातलेला.

अनंतराव : आणि तू टेप कशावरून फिरवलास?

मैत्री : ...वरूनच. काढा म्हणायला जीव धजला नाही, सर. कुडकुडत होती.

अनंतराव : दोन इंच धरू. स्वेटरावरून घेतलेले माप तसेच लिहिलेस?

मैत्री : नाही.

अनंतराव : कमी करून?

मैत्री : दोन इंच वाढवून.

चंद्रभागा : तू बी?

मैत्री : मी बी, आत्या. मला वाटलं, गट मापाबरहुकूम शिवतो. कोणी वाढ धरली नाही तर वर्षभर पोटं उघडी पडतील. तूच शिवलेला माझा निळा स्कर्ट सहावी ते आठवी चालला. दर जूनला तू एक दुमड उसवायचीस, आणि ती पट्टी बाकीच्या स्कर्टाहून गडद निघायची. वर्गातल्या मुली पट्ट्या मोजून सांगायच्या, हा स्कर्ट किती वर्षांचा. मला लाज नाही वाटली कधी. एक दिवसही तोकडं घालावं लागलं नाही मला. मग मी माझ्या मुलांना तोकडं कसं घालू देऊ?

चंद्रभागा : पन मंग मले सांगाचं ना.

मैत्री : तू विचारायचं ना. एका गल्लीत राहतो आपण.

अनंतराव : दोन, दोन आणि सव्वादोन. सव्वासहा इंच. थंडीने दोन घेतले, पाऊण खळीच्या सवयीने, बाकीचे मायेने. तुम्हा दोघींपैकी एकीनेही निष्काळजीपणा केलेला नाही, म्हणून तुमचे दोन्ही खुलासे खोटे. दोष असेल तर एवढाच, की माप ठरवायला दोघी एका जागी बसल्या नाहीत. 'साइज' या शब्दातच सांगितलेले काम तेवढे राहिले.

मैत्री : हे साहेबांना कसं लिहू, सर? 'मायेने' असा रकाना नसतो.

अनंतराव : रकान्याचे पुढे बघू. आधी एक सांग. वाढ धरावी, हे तुला स्कर्टाने शिकवले की आणखी कोणी?

मैत्री : तुम्ही. माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. 'मुलाचे माप आजचे घेऊ नये.' तुम्ही धडा अवघड दिलात आणि आम्ही कुरकुरलो, की हे वाक्य यायचं. कितीतरी दिवस मी ते एखाद्या संस्कृत सुभाषिताचं भाषांतर समजत होते.

अनंतराव : पुष्कळजण समजत. एका मुलाने ग्रंथाचे नाव विचारले होते. मी म्हणालो, शोध, म्हणजे सापडेल.

मैत्री : सापडलं त्याला?

अनंतराव : कसे सापडणार? ग्रंथ या खुर्चीवर बसला आहे.

चंद्रभागा : कोन, मी?

अनंतराव : तुमचा भाऊ आठवीत होता. हिचा बाप, धम्मपाल. त्याचा सदरा गुडघ्यापर्यंत येई. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले आणि सगळ्यांदेखत विचारले, हा पोशाख आहे की पोते? दुसऱ्या दिवशी तुम्ही गळ्यात टेप घेऊन शाळेत आलात. मला वाटले, भांडायला आलात.

चंद्रभागा : भांडालेच आलती. तेवीस वर्षाची व्हती मी. मायनं धाडलं नव्हतं, मीच गेलती.

अनंतराव : तुम्ही म्हणालात, "गुर्जी, हा सदरा आजच्या पोराचा नाई. पुढल्या सालच्या पोराचा आहे. तवरोक यानं त्याच्यात राह्याचं अन वाढाचं." शब्द न् शब्द आठवतो मला. त्या दिवशी मी घरी जाऊन दुसऱ्या दिवसाचा धडा बदलला. तोवर मी मुलांना त्यांच्या मापाचे शिकवीत असे, आणि काहींना त्याहून आखूड, कारण कोणाचे माप किती, हे मी त्यांच्या आडनावांवरून ठरवून टाकलेले असे. धम्मपालचेही तसेच ठरवले होते.

मैत्री : बाबांनी कधी सांगितलं नाही हे.

अनंतराव : ते त्याचे मोठेपण. माझे लहानपण याहून पुढचे आहे. उसने वाक्य घ्याल तर धन्याचे नाव लिहा, असे मी हजारो मुलांना बजावले. वाङ्मयचौर्यावर गुण कापले. आणि हे वाक्य स्वतःच्या नावावर चाळीस वर्षे चालवले. संमेलनांत बोललो, निरोपसमारंभांत बोललो. तुमचे नाव एकदाही घेतले नाही. चंद्रभागाबाई, मी शिक्षक झालो तो तुमच्या त्या वाक्यामुळे. हे मी फार उशिरा सांगतो आहे.

चंद्रभागा : मले काय मालूम, तुमी ते वापरून राह्यले म्हनून.

अनंतराव : तोच तर माझा अपराध.

चंद्रभागा : अपराध काऊन? चाळीस वर्षं वापरलं अन उसवलं नाई, म्हंजे चांगलंच शिवलं व्हतं. अन तुमी अर्धीच गोष्ट सांगतली, गुर्जी. त्या रोजी माह्या गळ्यात टेप व्हता, पन त्याच्यावरचे आकडे मले येत नव्हते. इंग्रजी आकडे. मी बोटानंच मोजो. तुमी पाह्यलं की मी टेप उलटा धरला. हासले नाई. फळ्यावर आकडे लिवले, खाली मराठी आकडे लिवले, अन धम्मपालच्या वहीत उतरवून देल्ले. त्या कागदावर माहं दुकान उभं राह्यलं. आज अकरा बाया कपडा शिवतेत. मी बी कोनाले तुमचं नाव सांगतलं नाई. झाली फिटंफाट.

अनंतराव : फिटंफाट होत नाही, बाई. आभार असे वजा करता येत नाहीत.

चंद्रभागा : तं राहू द्या ना जादाचे.

(मैत्री वहीतला कागद फाडून नवा पुढे ओढते.)

मैत्री : सर, सांगा. लिहिते.

अनंतराव : लिही. "माप घेणारीने वाढ धरली, शिवणारीने वाढ धरली, दोघींनी परस्परांस विचारले नाही. माप थंडीत, स्वेटरावरून घेतले गेले." पूर्णविराम. "त्रेसष्ट सदऱ्यांपैकी एकही वाया गेलेला नाही." हे खरे ना, बाई?

चंद्रभागा : एकबी नाई. लहान झाले असते तं मेलो असतो. मोठ्याले उपाय आहे. उद्या अकराईजनी सुयादोरे घेऊन शाळेच्या वऱ्हांड्यात बसतो. एकेक लेकरू समोर उभं करून माप घेतो. पन कापड कापाचं नाई, लिवून घे. आत दुमडाचं. पुढल्या साली एक टाका उसवला की झालं.

मैत्री : "वाढीव कापड न कापता आत दुमडण्यात येईल."

अनंतराव : "आणि यापुढे शाळा, शिवणारा गट व पालक यांनी एकत्र बसून माप ठरवावे, अशी विनंती आहे." 'बसून' हा शब्द गाळू नकोस. त्याच्यासाठी मी सकाळपासून घसा कोरडा केला.

मैत्री : नाही गाळत. 'सर्वस्वी' खोडला. खाली माझी सही करते.

चंद्रभागा : तुही एकटीची काऊन? माही बी घे. येते मले.

अनंतराव : आणि माझी. वाढ धरायला शिकवणारा म्हणून. साहेबांनी विचारले, तर माझ्याकडे पाठव. मूळ कोणाचे, तेही सांगेन.

मैत्री : पण सर, खुलाशाच्या नमुन्यात सहीला जागा एकाच माणसाची आहे.

चंद्रभागा : मंग तिघंई बारीक अक्षरात करू.