सिल्वासाचं सूत

त्र्याण्णव सालची गोष्ट. मांजरसुंब्याला वच्छलाबाईंची एष्टी लागली होती. पण शेजारच्या बाकावर एक म्हातारा, त्याची लेक आणि एक तरुण बसले होते, आणि लग्न मोडत होतं. असं सोडून कोण उठतं?

"महांतेश, सिल्वासाला करतोस काय बे तू?"

"मामा, जर्मनीची मशीन आलीया. पलास्टिकचे दाणे वितळवायचे आन बारीक भोकांतून धागा काढायचा. केसाहून बारीक."

"म्हंजे शेवया पाडतोस! माझं चौसाळ्यात तीस वर्षं कापडाचं दुकान, आन जावई सोऱ्यावाला?"

"असे सत्तर धागे मिळून हे एक सूत हाय. तोडून बघा."

"ह्याला हात कावून लावू? दातानं तोडतो. तुटलं की गपगुमान एष्टीत बसायचं, कावेरीचं नाव घ्यायचं न्हाई."

"आन न्हाई तुटलं तर, अप्पा?"

"तर कर ह्याच्यासंग लगीन, कावेरे! रुद्रप्पाचा शब्द हाय."

रुद्रप्पांनी सूत दातात धरून असा हिसका दिला, की अख्खी कवळी बाहेर येऊन सुताला लोंबकळू लागली. वच्छलाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"तुतलं का?"

"न्हाई, मामा."

"अप्पा, आधी कवळी घाला. लग्नाची तारीख सांगाल ती नीट ऐकू आली पायजे."