पाहुण्या

हॅलो?… हो ताई, मीच… ऐकू येतंय, बोल.

नाही, रडले नाही… अगं, येतच नाही रडू, काय करू? आईला स्मशानात पोचवून आल्यापासून हात दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटतायत, एवढंच.

कुठे म्हणजे? कोषांच्या खोलीत… तेच सांगतेय. पाहुण्या बाहेर आल्या… पाहुण्या गं! रेशमाची पाखरं… हो, आई त्यांना पाहुण्याच म्हणायची… तुला कसं माहीत असणार?

कोषांना वाफ द्यायची राहिली, वाफेनं आतल्या आतच मरतात ना त्या. आईचं काम ना ते. मी पाणी चढवलं नि खाली गॅसच लावला नाही… सगळ्या कोष फोडून निघाल्या. आता कसला सलग धागा! तुकडे नुसते… जाऊ दे गं.

दिसायला? पांढऱ्या. पिठात लोळल्यासारख्या. पंख नुसते थरथरतात. उडणं नाही, खाणं नाही, पिणं नाही. अंडी घालायची नि जायचं.

छे, आजीचा शब्द नाही तो. आजी पाकोळ्या म्हणायची. आपणही… अगं ऐक ना. सांगू का?… नको… बरं, सांगते.

बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस, त्यानंतर तू आली होतीस बघ एकदा. बाबा पेपरातून मान वर करेनात. तू उंबऱ्यातच उभी. आईनं पाणी पुढे केलं, तर ‘नको’ म्हणालीस नि वळलीस… हो, हो, चूक बाबांचीच. भांडायला नाही सांगत.

त्या संध्याकाळी आई इथे येऊन बसली. पेला हातात तसाच. अंड्यांसाठी राखलेल्या पाखरांकडे बघत म्हणाली, “ह्याही पाहुण्याच. येतात, घोटभर घेत नाहीत, जातात.” तेव्हापासून तेच नाव.

हॅलो?… आहेस ना?…

हं… नाक पूस आधी.

उद्या? सकाळी येऊन लगेच परत?… म्हणजे पाहुणीच की… टोमणा नाही गं. टोमणे मारायलाही जोर लागतो.

बाबा? स्वयंपाकघरात. भांडी वाजतायत… थांब, बघते…

ताटं मांडलीयत त्यांनी. तीन… हो, तीन. आईचंही… सवयीनं असेल. नाही विचारलं. विचारवत नाही.

ते तिसरं मी उचलणार नाहीये… हो, हो… अगं ऐक तर. उद्याही मांडतील ते. तू ये, त्या ताटावर बस… बोलले नाहीत तर नाही बोलले. तू जेव.

नंतर जा हवं तर.

ठेवते. वाढायचंय.